नोटरीसमोरचं लग्न

“नमुन्यात आहे तसंच टाईप कर की,” दयानंद म्हणाला. “आपलं डोकं चालवू नको.”

मी मशीनवरून हात उचलले होते. “अरे, पण ह्यात लिहिलंय, ‘आम्ही देवळात भटजींसमक्ष विधिवत लग्न केले आहे.’ आपण कुठल्या देवळात गेलोय?”

“सगळीच तसं लिवत्यात.”

“आणि तू देवळात कधी पाऊल ठेवलंयस?”

“तू टाईप कर, कुमुद. वकील जेवायला उठंल.”

तालुक्याच्या कोर्टाबाहेरची ही गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, त्यातली काही माणसं अजून तिथं असतील. साल ब्याण्णव, फेब्रुवारी महिना, वार सोमवार. कोर्टाच्या कंपाउंडला लागून टायपिस्ट ओळीनं बसायचे. त्यातल्या एकाचं मशीन दयानंद दुरुस्त करून द्यायचा. त्या ओळखीवर तो टायपिस्ट आपली खुर्ची मला देऊन चहाला गेला होता. टेबलाच्या काचेखाली सगळे नमुने घालून ठेवलेले होते, उत्पन्नाचा, नावातल्या बदलाचा, रेशनकार्ड हरवल्याचा आणि लग्नाचा. मी मराठी टायपिंगची, मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा नुकतीच पास झाले होते. माझ्या लग्नाचा कागद मीच टाईप केला. त्यात एकही खाडाखोड नव्हती आणि त्याचा मला चक्क अभिमान वाटला. माणसाला कुठल्या वेळी कशाचा अभिमान वाटेल, काही नेम नाही.

दयानंद सनदीची नि माझी ओळख जयसिंगपूरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधली. तो दर पंधरा दिवसांनी मशिनं दुरुस्त करायला यायचा. माझ्या मशीनचा ‘क’ सारखा अडकायचा. त्यानं नीट करून दिला की पुढच्या खेपेला पुन्हा अडकलेला. तिथं टाचणी मीच खुपसते, हे त्याला तिसऱ्या खेपेला कळलं. त्यानं टाचणी पुसून माझ्या वहीवर ठेवली आणि पुढच्या वेळी पंधराऐवजी आठच दिवसांनी आला.

मी भूपाल चौगुल्यांची मुलगी. आम्ही जैन, घरी ऊस, गावात आप्पांच्या शब्दाला वजन. सनदी म्हणजे आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातले. एवढं सांगितलं की आमच्याकडच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. मी वीस वर्षांची होते, तो पंचवीसचा.

नोटरीची युक्ती इन्स्टिट्यूटमधल्याच एका मुलीची. तिनं तसंच केलं होतं. आमच्या भागात त्याला ‘कोर्ट मॅरेज’ म्हणत आणि म्हणणारे सगळे मनापासून म्हणत. स्टॅम्पपेपरवर सिंह, तिकिटावर सिंह, खाली गोल शिक्का, त्यात ‘महाराष्ट्र शासन’, वर लाल चकती. एवढं सगळं ज्याच्या टेबलावर असतं तो सरकारी माणूस नाही, असं मनात तरी कुणाच्या येईल? आणि सरकारनं लावलेलं लग्न मोडायची आप्पांचीसुद्धा हिंमत नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

नोटरी होते हुदलीकर वकील. साठीच्या पुढचे, जाड भिंगांचा चष्मा, बोटं शाईनं निळी. बाजारचा दिवस असल्यानं समोर माणसांची रीघ लागलेली. त्यांनी आमचे शाळा सोडल्याचे दाखले पाहिले, आमची तोंडं पाहिली.

“देवळात लग्न झालंय तुमचं?”

“व्हय,” दयानंद म्हणाला.

“ह्यात लिहिलंय ते सगळं खरं, असं शपथेवर सांगता?”

“सांगतो.”

मी मान हलवली.

“मानेनं शपथ होत नाही, मुली. तोंडानं बोल.”

“हो,” मी म्हणाले. त्यांच्या वहीत सह्या केल्या. त्यांनी शिक्का मारला, फुंकर घालून शाई वाळवली आणि कागद आमच्या हातात देताना सवयीनं म्हणाले, “सुखात राहा.” आम्ही बाहेर आलो ते सरकारचाच आशीर्वाद मिळाल्यासारखे.

पुढचे दोन दिवस आम्ही त्याच गावात, त्याच्या मित्राच्या सायकल दुकानावरच्या खोलीत राहिलो. सोमवारची दुपार, मंगळवार, आणि बुधवारची सकाळ चहापर्यंतची. मी पळून आले होते, घरी आईनं अन्न सोडलं असणार हे मला कळत होतं, तरी मी इतकी हसत होते की खालचा दुकानदार एकदा जिन्यातून डोकावून गेला. दयानंद स्वयंपाक करायचा. मी काय खाते आणि काय खात नाही, हे त्यानं परीक्षेला बसल्यासारखं मला विचारून घेतलं आणि मुगाची आमटी केली. ती खारट झाली होती. मी दोनदा वाढून घेतली. सकाळी खिडकीत आरसा टेकवून दाढी करताना तो खालून कोण कोण चाललंय ते मला सांगायचा. ओळखीचं कुणीच नसायचं, म्हणून तो त्यांना मनानंच नावं द्यायचा, गावं द्यायचा, कुणाची सून माहेरी गेलीय तेसुद्धा सांगायचा. मी अंथरुणात पडून ऐकत राहायची. त्यानंतर मी बऱ्यापैकी आयुष्य काढलंय, सुखातच म्हणायचं, पण तसं ऐकत पडून राहायला मला पुन्हा मिळालं नाही.

बुधवारी चहा कपात होता तेव्हा दोन पोलीस जिना चढून आले. खाली आप्पा उभे होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. माझ्या पायांकडे पाहिलं. मी निघताना परसात घालायच्या स्लिपर घातल्या होत्या, त्याच अजून पायात होत्या.

पोलीस ठाण्यात दयानंद जराही घाबरला नव्हता. त्यानं कागद फौजदारांच्या टेबलावर उलगडला आणि तळहातानं सारखा केला.

“साहेब, आमचं लग्न झालंय. सरकारी अधिकाऱ्यासमोर. हा शिक्का बघा.”

फौजदार भोईटे तसे सज्जन, पण सकाळी सकाळी डोक्याला ताप झाल्यासारखे दिसत होते. त्यांनी कागद उलटापालटा करून पाहिला. आप्पाही पुढं आले. त्यांना वाचता येत होतं, पण त्यांनी वाचलं नाही. वरचे सिंह पाहिले आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. शेतसारा गावात सगळ्यांच्या आधी भरणारा माणूस तो. तलाठी रस्त्यानं चालला तरी ओट्यावरून उठून उभा राहायचा.

“सरकारनं लावलंय व्हय?” आप्पा म्हणाले. “मग आता आमी काय बोलायचं.”

त्या क्षणी मला काय वाटलं, ते खरं सांगते. मला सुटल्यासारखं वाटलं. एक शब्दही न बोलता मी निभावून गेले होते.

“थांबा, थांबा,” भोईटे म्हणाले. “नोटरी सरकारी अधिकारी असतो, हे कुणी सांगितलं?”

“असतोय की, साहेब,” दारातला हवालदार म्हणाला. “सरकारच नेमतंय त्यास्नी.”

“नेमतंय खरं. पण पगार कोण देतंय?”

मग ठाण्यात दहा मिनिटं तोच खल चालला. कुणी म्हणे शिक्का आहे म्हणजे सरकारी, कुणी म्हणे फी आपल्या खिशात घालतो म्हणजे खासगी. आम्ही तिघं बाकावर बसून ऐकत होतो. दयानंद माझ्या शेजारी, आप्पा पलीकडच्या टोकाला. शेवटी भोईटे वैतागले. “त्या वकिलालाच बोलवा इकडं.”

हुदलीकर वकील आले. त्यांनी आम्हाला लगेच ओळखलं.

“वकीलसाहेब, एकच सांगा,” भोईटे म्हणाले. “तुम्ही सरकारी अधिकारी आहात का नाही?”

हुदलीकर खुर्चीत टेकले आणि चष्मा पुसायला लागले. “अहो, हे माझी बायको मला वीस वर्षं विचारतेय. नेमणूक सरकारची. वही कशी ठेवायची ते सरकार सांगतं. माझ्या कामाबद्दल मला कोर्टात खेचायचं तर सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याचीच फिर्याद लागते. म्हणजे मी सरकारचा. पण पगार नाही, रजा नाही, पेन्शनचं तर नावच नको. म्हणजे मी माझा. चार वकील बसवा, संध्याकाळपर्यंत भांडतील.”

“मग मी काय लिहू?”

“तुम्हाला हवं तेवढं मी एका वाक्यात सांगतो. मी सरकारी असेन नाहीतर नसेन, लग्न लावायचा अधिकार मला नाही. त्याचा अधिकारी वेगळा, त्याचं ऑफिस वेगळं.”

“मग सोमवारी आमचं काय केलासा?” दयानंदनं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

“तू माझ्यासमोर शपथेवर सांगितलंस. ते तूच सांगितलंस, एवढं मी लिहून दिलं. दुसरं काही नाही, बाळ.”

आप्पांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

“म्हणजे लग्न झालेलंच नाही,” भोईटे म्हणाले.

“असं मी कुठं म्हटलं? ह्या दोघांनी लिहून दिलंय की देवळात लग्न झालं. झालं असेल तर झालं. मग मी कुणीही असलो तरी काही बिघडत नाही. पण ते माझ्या शिक्क्याला विचारून कळायचं नाही. ह्यांनाच विचारा. एकेकाला.”

दयानंदला बाहेरच्या व्हरांड्यात नेलं. जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि किंचित हसला. त्याच्या मनात शंकासुद्धा नव्हती. एकच शब्द तर बोलायचा होता आणि तो मी सोमवारी एकदा बोललेही होते.

भोईट्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. “हे बघ पोरी, तू सज्ञान आहेस. तू हो म्हणालीस तर तसं लिहितो, तुम्हा दोघांना इथून जाऊ देतो आणि वडिलांना घरी पाठवतो. नाही म्हणालीस तर ह्यांच्याबरोबर जायचं की कुठं, ते तू ठरव. देवळात लग्न झालंय का तुमचं?”

मी आप्पांकडे पाहिलं. ते ओरडले असते, हात उगारला असता, तर मला सोपं गेलं असतं. ते बाकावर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

“भिऊ नको,” ते म्हणाले. “तू व्हय म्हण, मी मुकाट्यानं जातो. तुज्या आईला मी सांगतो काय सांगायचं ते. फकस्त खोटं बोलू नको.”

टेबलावर कागद होता. हुदलीकर वकील खाली आपल्या चपलांकडे बघत होते.

“नाही,” मी म्हणाले. “देवळात नाही गेलो आम्ही.”

भोईट्यांनी लिहून घेतलं. मी सही केली. मग त्यांनी दयानंदला आत बोलावलं. मला बाहेर न्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मी बाकावरच राहिले.

“तुमचं लग्न देवळात झालं म्हणतोस?”

“व्हय, साहेब.”

“कुठल्या देवळात?”

त्याला हा प्रश्न येईल असं वाटलंच नसणार.

“हितल्याच. घाटावरच्या म्हादेवाच्या.”

“कधी?”

“सोमवारी सकाळी. आठाला.”

“भटजी कोण होते?”

“नाव नाही विचारलं. म्हातारं होतं. थंडी होती तर कानाला मफलर गुंडाळलेला. मंत्र म्हणताना सारखं सोडून पुन्हा गुंडाळायचं.”

भोईट्यांनी पेन खाली ठेवलं. खोटं कसं पकडायचं, हे त्यांना माहीत होतं. “मुंडावळ्या बांधल्या होत्या?”

“बांधल्या होत्या की. हिची वाकडी बसली होती. मी सरळ केली.”

“कोण कोण होतं लग्नाला?”

“माझी आई. तिला कमी दिसतंय म्हणून फुडं हुबी केली होती.” तो आता भोईट्यांकडे बघत नव्हता. त्यांच्या मागच्या भिंतीकडे बघत होता, आणि सांगताना त्याचा आवाज हळूहळू इतका मोकळा झाला की मला रडू फुटेल असं वाटलं. “हिची आई मागं खांबापाशी. ती रडत होती, पण तसं काय न्हाई, लग्नात रडत्यातच. हिच्या दोन मैत्रिणी टायपिंगच्या. त्या हसायल्या होत्या.”

“आणि मुलीचे वडील?”

दयानंदनं मान वळवून आप्पांकडे पाहिलं.

“हे बी होते,” तो म्हणाला. “पयल्या अक्षता ह्यांनीच टाकल्या.”

आप्पा जमिनीकडे बघत होते.

“अरे, हे इथं तक्रार घेऊन आलेत तुझ्यावर,” भोईटे म्हणाले, पण आवाज चढवला नाही.

“होते, साहेब.”

“मुलीनं ‘नाही’ असं सांगितलंय. देवळात गेलोच नाही म्हणाली. ही बघ सही.”

त्यानं कागद हातात घेतला नाही. माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहत होते, तो काहीतरी बोलेल, शिवी देईल, निदान का म्हणून तरी विचारेल. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधून सापडला नाही, आणि ते मला आजपर्यंत पेलवलेलं नाही.

“मग ती म्हणत्या तसं लिवा,” तो म्हणाला. “तिचंच खरं.”

खोट्या शपथेबद्दल त्याच्यावर काही करायचं का, असं भोईट्यांनी विचारलं. “माझी काही तक्रार नाही,” एवढं बोलून हुदलीकर उठले. दयानंदला सोडून दिलं. तो ठाण्याच्या पायऱ्या उतरून बाजाराच्या बाजूला गेला, आणि मी आप्पांबरोबर स्टँडकडे. वाटेत आप्पांनी मला चपला घेऊन दिल्या. घराच्या दारात आल्यावर एवढंच म्हणाले, “पोरगं वाईट नव्हतं.” त्यांना हे त्या दिवशी म्हणायची काय गरज होती, कुणास ठाऊक.

दयानंद पुन्हा इन्स्टिट्यूटमध्ये आला नाही. पुण्याकडे गेला असं कुणी म्हणालं. पुढं कॉम्प्युटर आले, मशिनं भंगारात गेली, दुरुस्त करणारे कुठं गेले ते कोण विचारतो? तो आहे की नाही, तेही मला ठाऊक नाही.

माझं लग्न दोन वर्षांनी निपाणीला झालं. मांडव, वाजंत्री, सगळं रीतसर. यजमान भला माणूस. त्यांना हे मी पहिल्याच वर्षी सांगितलं. ते “बरं” म्हणाले, पुन्हा कधी विषय काढला नाही. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली.

मी खरं बोलले, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं बजावत होते. आप्पांनीच सांगितलं होतं, खोटं बोलू नको. पण मला चांगलं माहीत आहे की मी खऱ्यासाठी बोलले नव्हते. तो शिक्का सरकारचा आहे, असं वाटत होतं तोवर मी दयानंदची बायको होते, सगळ्या जगासमोर, ताठ मानेनं. शिक्का काही करू शकत नाही म्हटल्यावर ‘मी ह्याची बायको’ हे मला माझ्या बळावर म्हणायचं होतं, आणि माझी जीभ रेटली नाही. त्यानं मात्र उभ्या उभ्या माझं लग्न लावून दिलं. मांडवातल्या माझ्या लग्नाला कोण कोण आलं होतं, ते मला आता आठवत नाही. त्यानं सांगितलेलं सगळं आठवतं, खांबापाशी रडणारी आईसुद्धा.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी एकटीच एसटीनं त्या गावाला गेले. सोमवार बघून गेले. महादेवाचं देऊळ आहे, घाटावरच आहे. आधी कधी पाहिलं नव्हतं. मी बराच वेळ बाहेर उभी होते. आतला पुजारी तरुण होता, तिशीचा.

“अभिषेक करायचाय का, मावशी?”

“करा.”

“दोघांच्या नावानं करू? काका नाही आले?”

“ते बाहेरगावी असतात.”

“नाव सांगा त्यांचं.”

“दयानंद.”

“गोत्र?”

“माहीत नाही.”

“असू दे, काश्यप म्हणतो.” त्यानं माझ्या तळहातावर पळीभर पाणी घातलं आणि ते सांडू नये म्हणून खालून हात धरायला सांगितला. मग संकल्पाआधी, समोरचं माणूस घुम्यासारखं बसलंय म्हणून काहीतरी बोलायचं, तसं त्यानं विचारलं, “किती वर्षं झाली हो लग्नाला?”

पाणी बोटांच्या फटीतून गळायला लागलं होतं.

“बत्तीस,” मी म्हणाले. “इथंच झालं.”